चौथी खुंटी

पुस्तकातून क्षणभर डोळे वर करा आणि माझ्याबरोबर या.

समजा, तुम्ही एका उघड्या माळावर उभे आहात. दिवाळी होऊन दोन आठवडे झालेत. सकाळचे आठ वाजलेत. वारा गार आहे, पण इतका कोरडा की ओठांवरून जीभ फिरवली तरी ओठ लगेच पुन्हा सुकतात. पश्चिमेला, खूप लांब, डोंगरांची निळसर रेघ दिसते. त्या रेघेच्या पलीकडे कृष्णेचं पाणी आहे, हिरवा ऊस आहे. आपल्याला तिकडे बघायचं नाही. पाठ फिरवा. पायातली चप्पल काढा आणि टाच जमिनीवर आपटा.

वाजली ना, दगडावर आपटल्यासारखी? तो दगड नव्हे, ते शेत आहे.

आता खाली वाका. वाकल्याशिवाय पीक दिसायचं नाही, कारण ज्वारी तुमच्या गुडघ्याला लागते आहे. पेरून सत्तर दिवस झालेली ज्वारी तुमच्या खांद्याच्या वर गेलेली असायला हवी आणि तिच्या पोटात कणीस धरलेलं असायला हवं. इथं पानं वळून सुतळीसारखी झाली आहेत. एक ताट चिमटीत धरून ओढा. मुळासकट हातात येईल आणि मुळाला मातीचा कणसुद्धा चिकटलेला नसेल.

रागावणं वाईट, असं तुम्हाला शिकवलं असेल. मीही पुष्कळांना तेच शिकवलं. आज मात्र एका मुलीच्या रागाची गोष्ट सांगणार आहे आणि तो राग मला अजून वाईट वाटलेला नाही.

तुम्ही उभे आहात ते रान मल्हारचं, गट नंबर एकशे बारा. गावाचं नाव पांढरमाळ. मल्हारची मुलगी स्वप्नाली, वय अकरा, सहावीत.

पांढरमाळच्या वेशीवर सिमेंटची कमान आहे. तिच्यावर निळ्या अक्षरांत लिहिलंय, ‘दुष्काळमुक्त पांढरमाळ आपले स्वागत करीत आहे.’ ही कमान फुकट मिळालेली नाही, हे आधी सांगायला हवं. पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गावानं पंचेचाळीस दिवस डोंगराच्या उतारावर चर खणले. चर म्हणजे पाणी अडवायला खणलेले लांबट खड्डे. पाऊस पडला की पाणी पळून न जाता त्यात थांबतं आणि जमिनीत मुरतं. लालासाहेब तेव्हाही सरपंच होते आणि आजही आहेत. फौजेतून सुभेदार होऊन आलेले. रोज सकाळी सहाला शिट्टी वाजवायचे आणि सगळ्यांच्या आधी स्वतः कुदळ हाणायचे. स्वप्नालीची आजी रंगुबाई साठी ओलांडलेली, तीही दगड उचलत होती. सहा वर्षांची स्वप्नाली एका छोट्या पाटीतून माती वाहत होती. गाव तालुक्यात पहिलं आलं. बक्षिसात ढाल मिळाली आणि ही कमान उभी राहिली.

पुढच्या पावसाळ्यात चर तुडुंब भरले. विहिरींना पाणी चढलं. मल्हारच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेकडे निघावं लागायचं, ते थांबलं. पाच हिवाळे ही माणसं घरात झोपली. पाच वर्षं स्वप्नालीची शाळा एक दिवसही बुडली नाही. तिचा चुलतभाऊ सिद्धू तिच्याहून सात वर्षांनी मोठा. त्याच्या वेळी असं नव्हतं. तो तिसरीत असताना मेंढरांमागे गेला, पुढच्या वर्षीही गेला आणि परत आला तेव्हा त्याचा वर्ग दोन इयत्ता पुढे गेलेला होता. मग तो वर्गात बसलाच नाही.

यंदा पावसानं पाठ फिरवली. स्वप्नालीला हे कुणी सांगायची गरज नव्हती, कारण गावाचा पाऊस तीच मोजायची. शाळेच्या अंगणात पावसाची नळी आहे. रोज सकाळी आठला तिच्यातलं पाणी बघायचं आणि व्हरांड्यातल्या फळ्यावर आकडा लिहायचा, हे काम तिच्याकडे होतं. नऊ सप्टेंबरला तिनं चोवीस मिलिमीटर लिहिलं. त्या ओलीवर गावानं पेरणी केली. त्यानंतर हस्ताचा पाऊस येईल म्हणून सगळ्यांनी वाट पाहिली. हस्त कोरडा गेला. तिनं शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी शून्य. दर सकाळी नळीच्या बुडाशी एखादा मेलेला किडा असायचा. तो झटकायचा, नळी पुन्हा लावायची आणि फळ्यावर शून्य लिहायचं. ओळीनं सत्तर शून्यं झाली. मुलं चिडवायची, “स्वप्ने, परीक्षेत बी एवढी शून्यं कुणाला पडली न्हाईत गं!” ती हसायची. तोवर तिला राग आलेला नव्हता.

चंद्री मेली तेव्हा पहिल्यांदा आला.

चंद्री म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली मेंढी. दिवाळीनंतर एका दुपारी ती कळपातून सुटून ज्वारीत शिरली. खुरटलेल्या, करपलेल्या कोवळ्या ज्वारीत विष तयार होतं, हे धनगराच्या घरात लहान मुलालाही ठाऊक असतं. हिरवी दिसते, पण जनावरानं खाल्ली की घटकेत घात. चंद्रीला धाप लागली, तोंडाला फेस आला, पाय ताठ झाले. गुरांचे डॉक्टर शेजारच्या गावाहून निघाले होते. ते वेशीत पोचायच्या आत सगळं संपलं. रंगुबाई मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाली, “बघ गं पोरी. धान्य म्हणून पेरलं, ते बी न्हाई. चारा म्हणावं तर त्यो बी न्हाई. इख पेरलं आपुन.”

त्याच आठवड्यात मल्हारनं जेवताना सांगितलं, “गुरुवारी तालुक्यावनं पाहणीची माणसं येत्यात. कुठलं रान बघायचं त्याची चिठ्ठी निघाली. आपलं आलंय, एकशे बारा.”

“मग?” स्वप्नालीनं विचारलं.

“मग काय. चार खुंट्या ठोकून दोरी लावत्यात, आतली ताटं मोजत्यात. ज्ये हाय त्ये कागदावर जाईल. पीक गेलंय असं गेलं, तर गावाला चारा छावणी मिळंल. मेंढरांना बी देणार हायत म्हणं यंदा. जित्राबं हितंच जगतील.”

“आन न्हाई मिळाली तर?”

मल्हारनं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. “तर सोमवारी निघायचं. कराड-मलकापूरच्या अंगाला. तिकडं ऊसतोड चालू हाय, उसाच्या शेंड्याचं वाडं मिळंल मेंढरांना.”

“मी आज्जीपाशी ऱ्हाते.”

“आज्जीला आता लांबचं चालवत न्हाई, ती घर राखंल. पर तुझी आई एकटी कोकरं बघंल का बिऱ्हाड? तू यायचीस.”

“आन शाळा?”

“शाळा काय पळून जात्या व्हय?”

चुलीपाशी बसलेली रंगुबाई तोंडही न वळवता म्हणाली, “शाळा कशाला पळंल? सिद्धूची शाळा हितंच हाय अजून. सिद्धू कुठं हाय?”

मल्हार हात धुवायला उठला. पण स्वप्नालीला धीर आला होता. चिठ्ठीत आपलंच रान निघालंय. कुणीही आलं, कसंही मोजलं, तरी त्या रानात मोजण्यासारखं काही नव्हतं. खोटं बोलायची गरज नव्हती. फक्त बघायचं होतं.

गुरुवारी सकाळी नळी बघून तिनं शून्य लिहिलं आणि मागे वळते तो लालासाहेब उभे. डोक्याला नवा फेटा, हातात काठी. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं.

“पोरांनो, अक्षर कुणाचं चांगलं हाय?”

साऱ्यांची बोटं स्वप्नालीकडे वळली.

“शाबास. ह्यो फळा पूस आन त्याच्यावर झोकात ‘सुस्वागतम्’ लिव. कडंनं येलबुट्टी काढ.”

“आवं तात्या, पावसाची नोंद हाय ती.”

“म्हाईत हाय मला. वहीत असंल की तुझ्या.”

“वहीत हाय. पर फळा सगळ्यांनी बघायचा असतोय, गुरुजी म्हणत्यात.”

“आगं, पाहुणं दारात आल्या आल्या त्यास्नी शून्यं दावायची व्हय? घरी पाहुणा आला तर फाटकी वाकळ आपुन आत टाकतोय का भाईर?”

मुलं हसली. स्वप्नालीनं फडकं उचललं. जूनपासूनच्या आकड्यांवरून ते फिरवलं. एक शून्य नीट पुसलं गेलं नाही. त्याच्यावरच तिनं ‘सु’ काढला. खडू दोनदा मोडला.

अकरा वाजता जीप आली. तिच्यातून पाहणीच्या अधिकारी क्रांती मॅडम उतरल्या. वय फार नाही, तिशीच्या आतलं. खांद्याला पिशवी, पिशवीत चार लोखंडी खुंट्या, एक हातोडी आणि पांढऱ्या दोरीचं गुंडाळं. त्या मलकापूरच्या, उसाच्या भागातल्या. पांढरमाळला पहिल्यांदाच येत होत्या. त्यांना नारळ दिला, शाल दिली. मुलींनी ओवाळलं. त्या ओशाळून म्हणाल्या, “अहो, एवढं कशाला? मी फक्त पीक बघायला आले.”

“आमच्या गावाची पद्धत हाय,” तात्या म्हणाले. “च्या घ्या आधी.”

चहा झाला. मॅडमनी कागद काढला. “गट नंबर एकशे बारा. कुठं आलं हे?”

मल्हार पुढे सरकला. तो काही बोलणार तोच तात्या म्हणाले, “त्ये माळाच्या टोकाला हाय, मॅडम. मधी ओढा. दगडधोंडं लय, गाडी जात न्हाई. हितं रस्त्याला लागून रान हाय, त्ये बघा. गाव एकच, शिवार एकच, ज्वारी बी एकाच दिवशी पेरल्याली.”

मॅडमनी घड्याळ पाहिलं. संध्याकाळच्या आत त्यांना आणखी तीन गावं करायची होती. “चिठ्ठीत दुसरं आहे खरं,” त्या म्हणाल्या. “पण पीक सारखंच असेल तर चालेल.”

मुलांनो, हे ‘चालेल’ ध्यानात ठेवा. वाईट माणसानं केलेलं वाईट चटकन दिसतं. हे मात्र एका दमलेल्या आणि एका अभिमानी माणसानं मिळून केलं. दोघंही मनानं वाईट नव्हते. म्हणून तर कुणी अडवलं नाही.

रस्त्याकडेचं रान खुद्द तात्यांचं होतं. विहिरीपासून वीस पावलांवर. तिथली ज्वारी मॅडमच्या डोक्याएवढी, पानं रुंद, गर्द हिरवी. मुलं मागोमाग गेली. पाण्याची बाटली धरायला म्हणून स्वप्नाली सगळ्यांत पुढे होती. तिला वाटलं, आण्णा, म्हणजे तिचे वडील, आता बोलतील. इथं तरी बोलतील.

मॅडमनी हातोडी पुढे केली. “कुणी खुंट्या ठोकेल का?”

आणि मल्हारनं ती घेतली.

दोन ठोक्यांत पहिली खुंटी ओल्या मातीत गेली. मग दुसरी, तिसरी, चौथी. वर्गखोलीएवढा लांबट चौकोन झाला. मल्हार मान खाली घालून दोरी ताणत होता. आपला बाप आपल्या हातानं दुसऱ्याच्या रानात खुंट्या ठोकतोय हे बघून स्वप्नालीच्या कानशिलात काहीतरी तटतटायला लागलं.

“आण्णा, ह्यो आपला नंबर न्हाई.”

“गप.”

“एकशे बारा आपलं हाय. तुमीच म्हणालासा.”

“स्वप्ने, गप म्हणलं न्हवं?” मल्हार दबक्या आवाजात म्हणाला. “ह्यांच्याच विहिरीवर आपली मेंढरं पाणी पित्यात. कवा न्हाई म्हणालं न्हाईत त्ये. आता चारचौघांत त्यांचा शब्द मोडू व्हय?”

आता कळलं का, मल्हार का गप्प होता? तो भित्रा नव्हता. तो उपकाराखाली दबलेला होता, आणि ते भिण्याहून अवघड असतं.

मॅडमनी वर पाहिलं. “काय म्हणते ती?”

“काय न्हाई,” तात्या हसले. “पोर लय हुशार हाय. आमच्या गावचा पाऊस तीच मोजती.”

“अरे वा! मग सांग बरं, सप्टेंबरनंतर पाऊस किती झाला?”

“फळ्यावर लिवला हुता,” स्वप्नाली म्हणाली. “पुसला.”

“कुणी?”

“मी. तात्या म्हणालं, पाहुण्यास्नी शून्यं दावायची न्हाईत.”

मागच्या पोरांत एकजण फिसकन हसला आणि लगेच थांबला. मॅडमनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी फेटा नीट केला.

तेवढ्यात बांधावरून घंटेचा आवाज आला. रंगुबाई मेंढरं घेऊन विहिरीकडे निघाली होती. मेंढरांच्या फासळ्या मोजता येत होत्या. गर्दी बघून ती थांबली. दोरी पाहिली, आपल्या मुलाच्या हातातली हातोडी पाहिली. मग सावकाश म्हणाली, “मॅडम, तुमी शिकल्या सवरल्याल्या हायसा. जरा त्या ताटाच्या बुडचा पाचोळा बाजूला सारा की.”

मॅडमनी चपलेच्या टोकानं पाचोळा सारला. खाली ठिबकची काळी नळी होती. तिच्यातून टप, टप, थेंब पडत होता.

“तात्या,” मॅडमचा आवाज बदलला, “ही पाहणी कोरडवाहू ज्वारीची आहे. ही तर विहिरीच्या पाण्यावरची.”

“व्हय, हाय,” तात्या म्हणाले. त्यांनी काठी जमिनीत रोवली. “हाय विहिरीची. आन विहिरीला पाणी कुणामुळं हाय? आमी चर खणलं म्हणून. पंचेचाळीस दिस. माझ्या हाताची सालटी निघाली. आवं रंगुआक्का, तुमी बी दगड उचललासा. आज आपुनच कागदावर लिवून द्यायचं, की पांढरमाळात दुष्काळ हाय? त्या कमानीखालनं मग कुठल्या तोंडानं जायाचं?”

“लालासाहेब, कमान वाचून मेंढरांचं पोट भरत न्हाई.”

“आवं, पर सगळंच गेलंय असं कुठं हाय? माळावर बी ज्वारी हायच की. कणीस न्हाई धरलं तर न्हाई, जनावरास्नी चारा तर हुईल!”

“चंद्री त्यानंच मेली!”

हे स्वप्नाली ओरडली. इतक्या जोरात, की विहिरीवरची पाखरं उडाली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

“त्यो चारा न्हाई, तात्या! त्ये इख हाय! तुमी आला न्हाईसा बघायला. फौजेत हुतासा तुमी, मग ओढा का वलांडत न्हाईसा?”

“स्वप्ने!” मल्हारनं हाक मारली.

“आन मी बी खणलंय. मी सहा वर्साची हुते. चर खणणं आपल्या हातात हुतं, त्ये केलं आपुन. पाऊस कुठं आपल्या हातात हुता? त्यो पडला न्हाई तर आपली काय चूक? आपुन का लाजायचं?”

   तात्या रागावले.

“मग काय करू? पाडू ती कमान? सांग, बोलाव गवंडी!”

“ऱ्हाऊ द्या की कमान! पाऊस पडला न्हाई, एवढंच लिवा.”

मॅडम कपाळ पुसत होत्या. त्यांना सगळं समजलं होतं. आणि तरीही, पुन्हा घड्याळ पाहून त्या म्हणाल्या, “असं करू. आता दोरी लागलीच आहे. इथलाच आकडा घेते आणि खाली शेरा लिहिते, काही भाग कोरडवाहू आहे म्हणून. वरचे साहेब बघतील.”

“शेरा कोण वाचतंय?” रंगुबाईनं विचारलं.

 मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या ओळीतली ताटं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. तात्यांनी मान वळवली. मल्हार हातोडी घेऊन तसाच उभा. बापानं एकदा मुलीकडे पाहिलं आणि नजर पुन्हा जमिनीकडे नेली. सोमवार चार दिवसांवर आला होता.

स्वप्नालीनं पाण्याची बाटली बांधावर ठेवली. नीट, सांडू न देता. मग ती चौकोनाच्या पहिल्या कोपऱ्यावर गेली, वाकली, आणि दोन्ही हातांनी खुंटी उपटली.

“अगं, अगं, काय करतेस?” मॅडम म्हणाल्या.

 तिनं दुसरी उपटली. ओली माती होती, सहज आली. तिसरी, चौथी. दोरी कोपरापासून पंजापर्यंत गुंडाळत गेली, घरी मेंढरांच्या वाघुरीची दोरी गुंडाळतात तशी. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तिच्या घराण्यातल्या कुणालाही दोरी गुंडाळायला वेळ लागत नाही. मल्हारच्या समोर येऊन तिनं हात पुढे केला. बापानं हातोडी धरूनच ठेवली. तिनं एक क्षण वाट पाहिली, मग हात मागे घेतला आणि हातोडीशिवायच वळली.

ती पळाली. बांधावरून, मेंढरांच्या मधून, ओढ्याच्या दगडांवरून. एक चप्पल ओढ्यात निसटली, तिनं मागे पाहिलं नाही. पलीकडच्या चढावर तिचा निळा फ्रॉक दिसायला लागला, बारीक होत गेला आणि माळाच्या टोकाला, गट नंबर एकशे बारामध्ये थांबला. इकडचे सगळे ओढ्याच्या काठापर्यंत आले होते. पुढे कुणी सरकलं नव्हतं.

एकशे बारात उभं राहून तिनं हाताएवढा धोंडा उचलला. पहिली खुंटी एका भेगेत बसली. दुसरी दगडाच्या खोबणीत. तिसरीला पंधरा घाव घालावे लागले आणि ती बोटभरच गेली, पण उभी राहिली. दोरी तिघींवरून ओढून घेत ती चौथ्या कोपऱ्यावर आली.

चौथी खुंटी जाईना. तिनं मारलं, खुंटी उडाली. जागा बदलून मारलं, धोंड्याचाच टवका निघाला. तिसऱ्यांदा धोंडा तिच्या अंगठ्यावर बसला. तिनं अंगठा तोंडात घातला आणि सभोवार पाहिलं. सगळीकडे तीच जमीन होती, टाच आपटली की वाजणारी. याच जमिनीत तिच्या बापानं बी घातलं होतं.

तिनं खुंटी फेकून दिली. दोरीचं टोक मुठीभोवती तीन वेढे देऊन आवळलं, एक अनवाणी आणि एक चपलेतला असे दोन्ही पाय रोवले आणि मागे झुकून दोरी ताणली. चौकोन पुरा झाला.

ओढ्याकडून काठीचा खडखडाट ऐकू आला. दगडांवरून कुणीतरी उतरत होतं. कोण, ते तिनं पाहिलं नाही. दोरी ढिली पडली असती. चौकोनाच्या आतल्या, सुतळीसारख्या वळलेल्या ताटांवर नजर ठेवून, घसा फाटेस्तोवर मोठ्या आवाजात, सगळ्या पांढरमाळला ऐकू जाईल असं, तिनं मोजायला सुरुवात केली.

“एक!”